मुठीचं लाकूड

मीटरवालीला घरात बसवत नसे. आधीही कधी बसवलं नव्हतं, पण नवरा धडधाकट असताना बायको दिवसभर बाहेर हिंडली तर तिला कामसू म्हणतात, आणि नवरा अंथरुणाला खिळल्यावर तीच बायको तेवढीच हिंडली तर लोक नाकं मुरडतात. तिचं कामच हिंडण्याचं होतं. विजेचे मीटर वाचायचे. गल्ल्या, जिने, जिन्याखालच्या अंधाऱ्या खोपट्या, कुठं कुत्रं, कुठं कुलूप. पायाला भिंगरी बांधूनच जन्माला आली होती, त्यात नोकरीही तशीच मिळाली. सगळा भाग तिला मीटरवाली म्हणे, आणि मग थट्टेत नवराही तेच म्हणू लागला.

नवरा पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. ती दोन इमारती चढून उतरायची तेवढ्यात याची एक वेलांटी व्हायची. पण ती वेलांटी बघायला लोक थांबत, हेही खरं. दोघं बाहेर निघाली की ती पुढं, तो मागं. अधूनमधून ती वळून बघायची, तो दिसला की पुन्हा चालू लागायची. संसाराची इतकी वर्षं याच चालीनं गेली आणि कुणाची काही तक्रार नव्हती.

ज्या दिवशी फांदी पडली त्या दिवशीही ती पुढंच होती. चपलांचं दुकान बंद व्हायच्या आत गाठायचं होतं. पेंटर आपल्या सँडलचा पट्टा आवळायला फुटपाथवर वाकला आणि ती कोपऱ्यावरून वळली. वारा नव्हता, पाऊस नव्हता. मागं कुठं तरी मोठा आवाज झाला. ट्रकमधून फळ्या टाकत असतील, असं तिला वाटलं. ती दुकानात शिरली, दुकानदाराला म्हणाली, येताहेत मागून, आणि एकामागून एक जोड पायात घालून बघू लागली. नवरा येईना. ती मनातल्या मनात त्याच्या संथपणाचा उद्धार करत होती, तेवढ्यात एक बाई आत येऊन म्हणाली की कोपऱ्यापलीकडं झाडाखाली एक माणूस सापडलाय. मग तिला कळलं.

ती पोचली तोवर लोकांनी फांदी उचलली होती. पेंटर उताणा पडला होता, मान कोपऱ्याकडं वळलेली, डोळे उघडे. उशीर का झाला, हे त्यानं तेव्हाही विचारलं नाही आणि नंतरही नाही. मांडीचं हाड मोडलं होतं, आत सळई घालावी लागली. भेटायला येणारे तिला म्हणत, तुझं दैव बलवत्तर, दोन पावलं पुढं होतीस म्हणून वाचलीस. ते वाक्य तिला चपलेत गेलेल्या खड्यासारखं टोचायचं. दर पावलाला.

घरी आणल्यावर चार दिवस तो छताकडं बघत पडून होता. मग तेल संपलंय म्हणावं तितक्या सहज म्हणाला, "त्या फांदीचा एक तुकडा आणून दे मला."

औषध डोक्यात गेलं असं तिला वाटलं.

"काठीला मूठ करायची आहे," तो म्हणाला. "पाडलं त्यानं. आता उभंही त्यानंच करावं."

पेंटरची थोरली बहीण मदतीला म्हणून येऊन राहिली होती. नणंदबाई अंगानं भारदस्त, चालीनं भावासारखीच निवांत, आणि जिभेला मात्र धार. त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, वैऱ्याला कुणी पाट मांडून घरात बसवतं का? मीटरवालीलाही ते लाकूड नकोच होतं. पण बाहेर पडायला निमित्त मिळालं. तिनं करवत पिशवीत घातली आणि ती नगरपालिकेच्या आवारात गेली. तोडलेल्या फांद्यांचा तिथं ढीग पडला होता. रखवालदार म्हणाला, न्या खुशाल, जळतसुद्धा नाही नीट. तिनं आपल्याला हवी ती फांदी सालीवरच्या रक्ताच्या डागावरून ओळखली नाही. तसलं काही उरलं नव्हतं. ती तिच्या आकारावरून ओळखली. करवत लोण्यात सुरी जावी तशी गेली. आतून फांदी पोखरलेली होती, नखानं टोकरली तर भुसा निघत होता. म्हणजे ही कधीची पडायलाच टेकली होती. नेमकी तेव्हाच पडली. तिला इतका संताप आला की दोन तुकड्यांऐवजी ती पाच-सहा तुकडे करून बसली, आणि मग त्यातले दोन घेऊन घरी आली.

पेंटरनं तुकडा उन्हात धरला. फिकट लाकडावर काळ्या बारीक रेषा पसरल्या होत्या, कुणी एक केस असलेल्या कुंचल्यानं ओढाव्यात तशा. बुरशीनं केलेलं काम होतं ते. तो कितीतरी वेळ बघत राहिला. म्हणाला, अशी रेघ मला आयुष्यात जमली नाही. पण अंगठा दाबला की लाकडात खळगा पडत होता. असल्या लाकडाची मूठ करणं म्हणजे भिजल्या पावाची खुंटी ठोकण्यासारखं होतं, असं नणंदबाईंचं मत.

पेंटरनं मोबाइलवर शोध लावला. कुजकं, मऊ लाकूड रेझिन, म्हणजे पातळ राळ, पाजून पक्कं करता येतं. गावाबाहेर टायरच्या दुकानामागं एक माणूस हाच धंदा करायचा. सुऱ्यांच्या मुठी करणारे, पेनं कातणारे त्याच्याकडं लाकडाचे ठोकळे पाठवत. नणंदबाईंनी त्याचं नाव राळवाला ठेवलं. तो फोनवर म्हणाला, पाठवून द्या, मी करून देतो. पण पेंटरला ते घरीच करायचं होतं. माझ्याकडं वेळच वेळ आहे, तो म्हणाला. मग राळवाल्यानं रेझिनचा डबा विकला, जुना व्हॅक्यूम पंप आणि जाड काचेची बरणी वापरायला दिली, आणि खायचं काही भाजता त्या ओव्हनमध्ये हे काम करू नका, असं दोनदा बजावलं. म्हणून एक जुना ओव्हन घेऊन तो गॅलरीत ठेवला गेला. नणंदबाईंना त्यात पाव भाजायचा होता. त्यांनी तो राग शेवटपर्यंत सोडला नाही.

आता हे काम म्हणजे मीटरवालीच्या जिवाला घोर. आधी ठोकळा सुकवायचा. ओव्हनमध्ये मंद आचेवर ठेवायचा, काढायचा, वजन करायचं, पुन्हा ठेवायचा. वजन उतरायचं थांबलं म्हणजे पाणी संपलं. पेंटर पलंगावर पडून सांगायचा आणि ही करायची, कारण हात-पाय तिचेच चालत होते. वजनाच्या काट्यासमोर तिला उभं राहवत नसे. कोरडं आहे की हो हे, ती म्हणायची. तो म्हणायचा, अजून थोडं. मग कोरडा ठोकळा बरणीत, वर दगडाचं वजन, कारण नाहीतर तो रेझिनवर तरंगतो. वरून रेझिन ओतायचं, झाकण लावायचं, पंप सुरू. पंप घरघरू लागला की लाकडातून बुडबुडे यायचे, आधी उकळी फुटल्यासारखे, मग दाटीवाटीनं, मग एकेक. सगळे बुडबुडे संपेपर्यंत पंप चालू ठेवायचा. पेंटर ते बघत पडून राहायचा, मासे पाळलेला माणूस बघतो तसा. ती दारात उभी राहून पायानं जमिनीवर ताल धरायची.

पहिला ठोकळा तिनंच घालवला. बुडबुडे थांबले, पेंटरचा डोळा लागला होता, खाली गल्लीत तिचे मीटर वाट बघत होते. तिनं पंप बंद केला, ठोकळा काढला, फॉइलमध्ये गुंडाळून ओव्हनमध्ये टाकला. शिजून निघालेला तुकडा बाहेरून दगडासारखा झाला, पण कापला तर आत भुसाच. पेंटरनं दोन्ही अर्धे हातात घेऊन पाहिले.

तो चिडला नाही. समजावून सांगू लागला की पंप फक्त आतली हवा बाहेर काढतो. आत जायचं ते नंतर जातं, पंप बंद करून हवा परत सोडली की, आपलं आपण. हळूहळू मुरतं. तू नेमकं तेव्हाच बाहेर काढलंस.

तिला वाटलं, यानं कप फेकून मारावा. काहीतरी फोडावं. झाडाला शिव्या द्याव्यात, नगरपालिकेला द्याव्यात, मला द्याव्यात. हा माणूस लाकडाचे धडे देतोय. ती चपला घालून निघाली आणि त्या दिवशी तिनं शेजारच्या भागातलेही मीटर वाचून टाकले.

दुसरा ठोकळा पेंटरनं तिच्या हाती लागू दिला नाही. बरणी पलंगाशेजारच्या ट्रंकेवर आली. पंप झाला, हवा सोडून झाली, ठोकळा मुरायला बसला. आणि तिथंच राहिला.

व्यायाम शिकवणारी मुलगी एक दिवसाआड यायची. उठा काका, उभे राहा, वॉकर धरा. पेंटर गोड हसायचा. मूठ होऊ दे, काठी तयार झाली की चालतोच बघ. वॉकर पलंगाच्या पायथ्याशी उभा होता; त्याच्यावर टॉवेल वाळत. मुलगी मीटरवालीला जिन्यात गाठून म्हणाली की आता सांधा धरेल, मग रडून उपयोग नाही. डॉक्टरनंही तेच सांगितलं, जरा कडक शब्दांत. मीटरवाली रोज घरी आल्यावर आधी बरणीकडं बघायची. झालं का? अजून थोडं मुरू दे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घरात रेझिनचा गोडसर, डोकं उठवणारा वास भरून राहिला होता. ती खिडक्या उघडायची, बंद करायची, भांडी जागेवरून हलवायची. जेवायलाही ती उभ्यानंच बसे, असं नणंदबाई म्हणत, आणि ते खरंच होतं.

एकदा भाजी चिरता चिरता नणंदबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "हा पोहायला शिकला नाही कधी, माहीत आहे? रोज काठापर्यंत जायचा. पाण्यात बोट घालायचा. आणि म्हणायचा, अजून गार आहे."

मीटरवालीनं हातातलं फडकं ठेवलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली, बरणीचं झाकण आवळलं, ती टोपलीत बसवली आणि पेंटरला सांगितलं, मी राळवाल्याकडून हे भाजून आणते. पेंटर म्हणाला, कशाला एवढी घाई, थांबूया आणखी थोडं. ती थांबली नाही. बसमध्ये मांडीवर बरणी, आत चहासारख्या रंगाचं रेझिन डचमळतंय, शेजारचा माणूस विचारतोय, लोणचं का? ती हो म्हणाली.

राळवाला पन्नाशीचा, हातांवर रेझिनच्या खपल्या, चष्मा कपाळावर. शेडमध्ये पाच-सहा बरण्या ओळीनं घरघरत होत्या. त्यानं टोपलीतली बरणी उजेडात धरली आणि विचारलं, वरचं वजन कधी काढलं? तिनं सांगितलं, तिला माहीत नाही, बरणीतल्या दगडाकडं तिचं बरेच दिवस लक्षच नव्हतं.

"मग हे खाली कसं बसलंय बघा ना, वहिनी," तो म्हणाला. "पोट भरलं की लाकूड बुडतं. यात आता थेंबभर जागा नाही. हे कधीचंच झालंय." मग जरा थांबून म्हणाला, "पेंटरसाहेबांनी मला फोन केला होता की. म्हणाले, बुडालं. मी म्हटलं, मग भाजा. त्याला झाले असतील तीन-चार आठवडे."

ती वाकून बरणीचा तळ बघू लागली. राळवाल्याला वाटलं आपण नको ते बोललो. तो घाईघाईनं ठोकळा निथळवू लागला, फॉइलमध्ये गुंडाळून त्यानं तो भट्टीत सरकवला आणि तिला स्टूल दिलं. ती स्टुलावर टेकली आणि उठली. शेडला दोन चकरा मारल्या. टायरच्या दुकानापर्यंत जाऊन आली. सवयीनं त्याचा वीजमीटरही वाचला आणि तुमचं बिल फार येत असेल म्हणाली. तो म्हणाला, येतं. डोक्यात एकच चालू होतं. खोटं बोलला माझ्याशी. रोज, माझ्या तोंडावर. अजून थोडं, अजून थोडं. आणि त्याच्या मागोमाग दुसरं, जास्त वाईट वाटणारं: मी रोज त्या बरणीकडं बघत होते, आणि खाली बसलेलं लाकूड मला दिसलं नाही.

ठोकळा गार झाल्यावर राळवाल्यानं कडेचा पापुद्रा खरवडून दाखवला. लाकूड गडद झालं होतं, मधासारखं, आणि काळ्या रेषा काचेखालून दिसाव्यात तशा उठून आल्या होत्या. त्यानं तो जमिनीवर टाकला. टाइल पडावी तसा आवाज आला. तिनं ठोकळ्याकडं धड पाहिलंही नाही.

घरी आली तेव्हा नणंदबाईंनी तिचा चेहरा बघितला आणि दूध आणायचं निमित्त काढून खाली गेल्या. तिनं ठोकळा पेंटरच्या पोटावर ठेवला.

"हे कधीचंच खाली बसलं होतं."

"हो," तो म्हणाला.

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

तिनं विचारलं, झाडाची भीती वाटते का? बाहेर जायचीच भीती वाटते का? त्यानं नाही म्हणून मान हलवली. ठोकळा हातात फिरवत राहिला. वेलांटीला घ्यायचा तेवढा वेळ त्यानं घेतला, आणि या वेळी तिनं तो घेऊ दिला.

"पडलो तेव्हा दुखत नव्हतं फारसं," तो म्हणाला. "मी कोपऱ्याकडं बघत होतो. म्हटलं, येईल आता. तू कधी कुठं उशिरा गेली नाहीस. आयुष्यात पहिल्यांदा उशिरा आलीस."

ती पलंगाच्या कडेवर बसली. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा, असं म्हणायला हरकत नाही.

"मी चपला घालून बघत होते," ती म्हणाली. "आणि तुम्हाला शिव्या घालत होते."

"ते माहीतच होतं. कोणत्या घेतल्यास?"

"काय?"

"चपला."

"नाही घेतल्या."

तो हसला, आणि ती हुंदका देऊन रडली, आणि त्याला तिला जवळ घेण्यासाठी उठून बसावं लागलं, जे तो व्यायामवाल्या मुलीसाठी कधी नीट करत नसे. मग त्यानं उरलेलं सांगितलं. ते सांगताना तो तिच्याकडं बघत नव्हता. पूर्वी तू वळून बघायचीस तेव्हा मी दिसायचो तरी, तो म्हणाला. आता काठी टेकत मी कोपऱ्यापर्यंत पोचेन तोवर तू घरी जाऊन आली असशील. मला त्या रस्त्यावर पुन्हा एकटं उभं राहायचं नाही. हे इतकंच आहे. आणि हळू चाल म्हणून तुला सांगायचं तर इतक्या वर्षांत कधी सांगितलं नाही, आता कुठल्या तोंडानं सांगू?

हळू चालेन असं कबूल करून टाकणं तिला सोपं होतं. पण ती स्वतःला ओळखून होती. चार दिवस हळू चालेल, पाचव्या दिवशी पाय ऐकणार नाहीत.

"मला हळू चालता येत नाही," ती म्हणाली. "पण परत येता येतं."

दुसऱ्या दिवशी वॉकरवरचे टॉवेल निघाले. पुढचं काही सुखाचं नव्हतं. पलंगापासून दारापर्यंत जायला पेंटरला घाम फुटायचा. कधी न दिलेल्या शिव्या तो आता व्यायामवाल्या मुलीसमोर देऊ लागला आणि नंतर तिची माफी मागू लागला. सांधा खरोखरच धरला होता. डॉक्टर म्हणाले, पाय थोडा लंगडेल, तो आता जायचा नाही. ते आठवडे फुकट गेले होते आणि त्याची किंमत पायानं मोजली. त्यावरून दोघांचं एकदा कडाक्याचं भांडणही झालं. ती म्हणाली, मला एकदा तरी सांगायचं होतंत. तो म्हणाला, तू एकदा तरी बसायचं होतंस. नणंदबाईंनी मध्ये पडून दोघांनाही गप्प केलं. मधल्या वेळात तो बसल्या बसल्या कानस आणि पॉलिश पेपर घेऊन मूठ घडवत होता, आणि मूठ तयार झाली तेव्हा कुणी तिचा सोहळा केला नाही. काठीला बसवली आणि वापरायला लागला. हाताला छान लागते, एवढंच म्हणाला. वैरी रूपानं बरा निघाला, असं नणंदबाईंनी जाहीर केलं.

मग दोघं रस्त्यावर दिसू लागली. तो काठी टेकत फुटपाथच्या कडेनं, ती पुढं. ती कोपऱ्यापर्यंत जायची, वळायची, परत यायची, त्याच्या बाजूनं दहा-पंधरा पावलं चालायची, पुन्हा सुटायची. विणकराच्या धोट्यासारखी ये-जा. त्याच्या एका फेरीत तिच्या चार व्हायच्या. दुकानदार हसायचे. कुणी विचारलं, काय हो, काही हरवलंय का? ती म्हणायची, नाही, आहे तिथंच आहे. झाडांखालून जाताना पेंटर थांबून वर बघे, आणि ती परत आलेली असली तर तीही बघे.

नणंदबाई निघाल्या तो दिवस मात्र फजितीचा. बस सकाळची. थांब्यापर्यंत पेंटर पोचवायला येणार म्हणाला. इतकं लांब तो अजून चालला नव्हता. मीटरवालीनं बॅग उचलली आणि ती पुढं धावली, बस उभी होती, कंडक्टरला दोन मिनिटं थांबा म्हणाली, परत धावली, या लवकर म्हणाली, पुन्हा पुढं. इकडं दोघं भावंडं गजगतीनं येत होती, वाटेत नणंदबाई एका घराच्या कुंडीतल्या झाडाचं नाव विचारायला थांबल्या. तिसऱ्या खेपेला कंडक्टरनं मीटरवालीला हात जोडले आणि बस सुटली.

ती बॅग घेऊन थांब्यावर उभी राहिली. दोघं आली. पेंटरचा शर्ट घामानं चिकटला होता, मांडी थरथरत होती, पण तो बाकापर्यंत आपल्या पायांनी आला आणि बसला.

"गेली?" नणंदबाईंनी विचारलं.

"गेली," मीटरवाली म्हणाली.

"जाऊ दे. दुपारी आहे एक."

तिघं बाकावर बसली. पेंटरनं डोळे मिटून पाय लांब केला. नणंदबाईंनी डबा उघडला. मीटरवालीनं एक घास खाल्ला, आणि दुपारची बस येते का बघायला ती रस्त्याच्या वळणापर्यंत जाऊन आली. सकाळ अजून सरायची होती.